वास्तवाची कसोटी : आइन्स्टाइन ते बेल
• १९३५ : आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा आक्षेप : क्वांटम सिद्धांत अपूर्ण आहे.
• १९६४ : जॉन बेल यांनी हा वाद प्रयोगाच्या कक्षेत आणला. कणांचे गुणधर्म मोजण्याआधीच ठरलेले असतील आणि कोणताही प्रभाव प्रकाशापेक्षा वेगाने पोहोचत नसेल, तर दूरच्या जोडकणांच्या मोजमापांतील मेळाला ठरावीक मर्यादा हवी.
• १९७२ : फ्रीडमन आणि क्लाउझर यांच्या प्रयोगात ही मर्यादा ओलांडली गेली.
• १९८२ : फ्रान्समध्ये अ‍ॅलन अस्पे यांनी अधिक काटेकोर चाचणी घेतली, निष्कर्ष तोच.
• २०१५ : नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरील इलेक्ट्रॉनांवर प्रयोग. आधीच्या प्रयोगांच्या निष्कर्षावर शंका घेण्याच्या मुख्य पळवाटा बंद.
• २०२२ : अस्पे, क्लाउझर आणि असेच प्रयोग करणारे त्सायलिंगर यांना भौतिकीचे नोबेल.
अर्थ काय? बेल यांची दोन्ही गृहीतके एकत्र टिकत नाहीत. तरीही या मेळातून प्रकाशापेक्षा वेगाने संदेश पाठवता येत नाही.