पैसे देऊन खेड्यात मुक्काम

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भीमा ओलांडून शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे गेलो. एका शेतकऱ्याच्या घरी पैसे देऊन मुक्काम केला. आजी निघतानाच म्हणाली, "चुलीवरची भाकर खायला पैसं कशाला? आपल्या घरी काय कमी हाय?" मलाही तसेच वाटले.

त्या गावात चिंचेची झाडे पुष्कळ. मोर रात्री झाडावर बसतात आणि पहाटे दाण्यासाठी खाली उतरतात. मोर किडे, सरडे, लहान साप खातो. पण शेतातले दाणे आणि कोवळी रोपेही खातो. म्हणजे शेतकऱ्याचे नुकसानच की! मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२ च्या कायद्याने त्याला मारणे गुन्हा आहे. मग हे नुकसान कशातून भरून निघणार? मोर बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या पैशातून. यालाच कृषी पर्यटन म्हणतात. राज्य सरकारने २०२० साली त्याचे धोरण केले.

मी पीस खूप शोधले. एकही सापडले नाही. पिसे पावसाळा सरताना आपोआप गळतात, हे तिथे कळले.

सकाळी आजीने त्यांच्या चुलीपुढे बसून स्वतःच भाकरी थापल्या. पैसे देताना म्हणाली, "आसू दे, मोराच्या दाण्याचं."