टाकीत उतरायचं नाही

९ एप्रिल २०२४. गुढीपाडव्याचा दिवस. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात, वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. विहीर पाण्याची राहिली नव्हती. तीत शेणाची स्लरी साठवली जात असे. मांजर काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, असे पाच जण गेले आणि पाचही दगावले. कमरेला दोर बांधून उतरलेल्या आणखी एकाला वरच्या लोकांनी ओढून काढलं, म्हणून तो तेवढा वाचला.

ही विहीर आणि आपल्या दारातली संडासाची टाकी, दोन्हींच्या पोटात एकच प्रक्रिया चालते. हवेशिवाय घाण कुजते, मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात आणि प्राणवायू उरत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो. पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला, आता धोका नाही, असं वाटतं तेव्हाच धोका सर्वाधिक असतो. विहिरीत कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी रीत इथे चालत नाही, कारण मिथेन पेट घेतो.

म्हणून तुंबलेल्या संडासातला दोष वरूनच शोधायचा, आणि तो शोधता येतो. आधी भांडं आणि टाकी यांच्यामधलं चेंबर उघडावं. ते रिकामं असेल तर अडथळा भांड्याच्या वाकात किंवा तिथल्या पाइपात आहे. प्लंजर किंवा लवचीक सळईने तो निघतो. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल तर दोष पुढे आहे. मग टाकीचं झाकण सरकवावं, बाजूला होऊन बराच वेळ जाऊ द्यावा, वर वाकू नये, जवळपास विडी-काडी पेटवू नये. लहान मुलांना तर तिथे फिरकूही देऊ नये. टाकीतलं पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी असेल तर टाकी ठीक आहे. आत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी पॅड, डायपर किंवा घट्ट साय अडकली आहे. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या वर चढलं असेल, तर बाहेरची वाट किंवा शोषखड्डा बंद झाला आहे.

आपल्या जिल्ह्यात हा शेवटचा दोष जमिनीतूनच येतो. प्रवरा-गोदावरीच्या कालव्याखालच्या पट्ट्यात, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे भागात खोल काळी माती आहे. ती भिजली की फुगते आणि पाणी जिरवत नाही. त्यात बागायतीने भूजल वर आलेलं. अशा ठिकाणी शोषखड्डा पावसाळ्यात तुडुंब भरतो, टाकी कितीही उपसली तरी महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार. पारनेर, संगमनेरच्या मुरमाड जमिनीत पाणी पटकन जिरतं. पण तिथे ते भेगांतून शेजारच्या विहिरीत उतरण्याची भीती असते.

टाकीच्या तळाला गाळ बसतो, वर साय येते, मधलं पाणी बाहेर पडतं. गाळ वाढला की मधली जागा आटते आणि मैला थेट शोषखड्ड्यात जातो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची असते. आपण मात्र ती तुंबेपर्यंत आठवत नाही. वर अ‍ॅसिड आणि फिनेल ओतून मैला कुजवणारे जिवाणूही मारतो.

जिथे जमीन साथ देते तिथे दोन खड्ड्यांचा संडास उत्तम. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत निर्धोक खत होतं. देहूच्या डॉ. एस. व्ही. मापुसकरांनी तर संडासाला बायोगॅस जोडून याच मैल्यावर चूल पेटवून दाखवली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

कायदाही स्पष्ट आहे. २०१३च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गटारसफाईत मृत्यू आला तर वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये सांगितलं. तरीही चार पैसे वाचवायला माणूस उतरवला जातो, आणि तो बहुतेक वेळा त्याच त्या जातींतला असतो. ही आपल्या समाजाची लाज आहे.

राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार ही गावं याच जिल्ह्यातली. पडणाऱ्या पाण्याचा हिशेब गावाने ठेवायचा असतो, हे या गावांनी देशाला दाखवलं. तोच हिशेब आता घरातून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा हवा. कुठल्या घराची टाकी कधी बांधली, कधी उपसली, याची नोंद ग्रामपंचायतीत असावी. चार-पाच गावांत मिळून एक मैला उपसणारी गाडी असावी, आणि उपसलेला मैला ओढ्यात न ओतता त्यावर प्रक्रिया व्हावी. याला ना मोठं धरण लागतं, ना मोठा निधी. ग्रामसभेत एक ठराव करून सुरुवात करता येते.