पाव सेकंदाचे अंतर

श्रीहरिकोट्याहून २० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेला 'एज्युसॅट' हा शिक्षणासाठीच योजलेला उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच परिवलनगतीने फिरत असल्यामुळे जमिनीवरून निश्चल भासे, आणि म्हणूनच शाळेच्या छपरावरील तबकडी एकदा त्याच्या रोखाने बसविली की पुन्हा हलविण्याचे प्रयोजन उरत नसे. केरळ सरकारने याच उपग्रहाच्या आधारे 'व्हिक्टर्स' वाहिनीची तजवीज केली. २००५ साली तिचे उद्घाटन राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी केले. तिरुवनंतपुरममध्ये उच्चारलेला शब्द वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद लोटे. शंका विचारून उत्तराची वाट पाहणाऱ्यास अर्धा. हजरजबाबी विद्यार्थ्याची त्यात किंचित पंचाईतच!

परंतु मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: केरळच्या शाळांतील संगणकांवर परवान्याचे शुल्क मागणारी प्रणाली न घालता, सर्वांना मुक्त असलेल्या लिनक्सची शाळांपुरती आवृत्ती सरकारी यंत्रणेनेच सिद्ध केली, ज्यामुळे एकदा शोधलेला दोषपरिहार जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळांच्या उपयोगी पडू शकतो. पुढे उपग्रह निवृत्त झाला, वाहिनी मात्र टिकली. आणि १ जून २०२० रोजी, शाळांना कुलपे असताना, वर्ग तिच्यावरूनच भरले.