प्लॅटिनम थोडं, हायड्रोजन जास्त!

पाण्यात वीज सोडली की कॅथोडवर हायड्रोजन आणि ॲनोडवर ऑक्सिजन, एवढं आपण शाळेतच शिकलो. तत्त्वतः याला १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात मात्र जास्त द्यावे लागतात आणि वीजबिल तिथेच वाढतं. हा जादा व्होल्टेज कमी करणं हेच उत्प्रेरकाचं काम.

कॅथोडवर यात प्लॅटिनम सगळ्यात सरस. का? हायड्रोजनचा अणू धातूवर टेकतो, जोडीदार मिळाला की रेणू बनून निघून जातो. सोनं त्याला फार सैल धरतं, म्हणून तो टेकतच नाही. टंगस्टन फार घट्ट धरतं, म्हणून तो उठतच नाही. मेसमध्ये जेवण झाल्यावरही टेबल अडवून बसणाऱ्यांसारखा! प्लॅटिनमची पकड बरोब्बर मधली. त्रासाती यांनी १९७२ साली असे धातू आलेखावर मांडले, तर ज्वालामुखीसारखा डोंगर तयार झाला आणि प्लॅटिनम त्याच्या शिखराजवळ!

अडचण एकच, हा धातू महाग आणि दुर्मिळ. जगातला बहुतेक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतून येतो. शिवाय काम करतात ते फक्त पृष्ठभागावरचे अणू, आतले नुसतेच बसून. म्हणून कार्बनवर २-३ नॅनोमीटरचे कण पसरतात. त्याहून पुढची युक्ती म्हणजे आत स्वस्त गाभा आणि वर प्लॅटिनमचा पातळ थर. २०१० मध्ये टंगस्टन कार्बाइडवर जेमतेम एक अणू जाडीचा थर देऊन पाहिला, तर आम्लात तो जवळजवळ शुद्ध प्लॅटिनमसारखाच चालला. एकेकटा अणू बसवण्याचेही प्रयोग चालू आहेत, पण सुटे अणू सरकत सरकत गोळा होतात. तेव्हा त्यांना जागेवर धरून ठेवणंही आलंच.

अल्कलीत दुसरीच भानगड. तिथे हायड्रोजनसाठी आधी पाण्याचा रेणू तोडावा लागतो आणि त्यात प्लॅटिनम मंद. २०११ मध्ये अमेरिकेतील आर्गोन प्रयोगशाळेने प्लॅटिनमवर निकेल हायड्रॉक्साइडची छोटी बेटं बसवली. पाणी तोडायचं काम बेटांच्या कडेला, अणूंची जोडी जुळवायचं प्लॅटिनमवर. या श्रमविभागणीने वेग सुमारे आठपट झाला!

भारताने २०२३ च्या हरित हायड्रोजन अभियानात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलंय. तेव्हा सेमिनारला कुणी 'नवा उत्प्रेरक' घेऊन आलं, तर तीन प्रश्न जरूर विचारा: दर चौरस सेंटिमीटरला प्लॅटिनम किती? आम्लात की अल्कलीत? आणि टिकला किती तास?