लस बनवायला विषाणू कामाला लावतात, तो कसा?

आठवीत विषाणू शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : "लसीत विषाणूच टोचतात ना?" हो किंवा नाही एवढ्यावर भागवू नका. उत्तर लसीनुसार बदलतं. पुण्याचंच उदाहरण घेऊ.

सीरम इन्स्टिट्यूटच्या 'कोवोव्हॅक्स' लसीला डिसेंबर २०२१ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. या लसीत करोना विषाणू नसतो. त्याच्या अंगावरचं काट्यासारखं स्पाइक प्रथिन असतं. ते बनतं लष्करी अळीच्या पेशींत. हो, मक्यावर पडते तीच अळी! या पेशी अनेक वर्षांपूर्वी तिच्या कोषातून घेतल्या. आता त्या टाकीतच वाढवतात. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनसाठी बुरशी टाकीत वाढवत, तसंच.

चाकणला कंपनीत जाणाऱ्या पालकांना पुढचं लगेच कळेल. मशीन तेच, ड्रॉइंग बदललं की जॉब बदलतो. इथे पेशी म्हणजे मशीन आणि जनुक म्हणजे ड्रॉइंग.

१. बॅक्युलोव्हायरस अळ्यांना रोग लावतो. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी फवारतात ते एचएएनपीव्ही याच कुळातलं. अळीच्या पेशीत शिरून तो स्वतःच्या संरक्षक कवचाचं प्रथिन भरमसाट बनवून घेतो.

२. शास्त्रज्ञ त्या कवचाच्या जनुकाच्या जागी स्पाइकचं जनुक बसवतात.

३. हा बदललेला विषाणू टाकीतल्या पेशींत सोडतात. पेशी आता स्पाइक बनवू लागतात.

४. स्पाइक वेगळं काढून शुद्ध करतात. एका डोसात ते फक्त ५ मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे ग्रॅमचा दोन लाखावा भाग.

ही युक्ती १९८३ मध्ये अमेरिकेत गेल स्मिथ आणि मॅक्स समर्स यांनी माणसाचं इंटरफेरॉन बनवून दाखवली.

मग इन्शुलिनसारखं जीवाणूंकडूनच का करून घेत नाहीत? स्पाइक मोठं आणि गुंतागुंतीचं आहे. त्यावर साखरेच्या साखळ्या असतात, त्या चढवणं या जीवाणूंना जमत नाही.

"म्हणजे अळीचा रोग आपल्याला टोचतात?" अशी भीती कुणी बोलून दाखवली तर हसण्यावारी नेऊ नका. शुद्ध केल्यावरही अत्यल्प अंश उरू शकतो, पण बॅक्युलोव्हायरस माणसाच्या शरीरात वाढू शकत नाही.

कोविशिल्डशी मात्र गल्लत नको. तिच्यात वाढ थांबवलेला, चिंपांझीतला अ‍ॅडिनोव्हायरस खरोखरच टोचत असत आणि स्पाइक आपल्या पेशी बनवत असत.

वर्गात दोन चित्रं काढून घ्या : एक टाकी, एक दंड. खाली एकच प्रश्न लिहा, "स्पाइक कुठे बनलं?" उत्तर बरोबर आलं की धडा समजला.