झाडीतल्या घराला हिरवा रंग नको

कोकणात झाडीत घर बांधणारे रंगाच्या दुकानात गेले की बहुतेकांचं बोट आधी हिरव्या छटेवर जातं. घर रानात मिसळून जावं, हीच इच्छा असते. पण हिरवं रंगवलेलं घर समोरच्या डोंगरावरूनही उठून दिसतं.

पानाचा हिरवा आणि डब्यातला हिरवा यांत मूलभूत फरक आहे. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेतं. उरलेल्या हिरव्यातला काही प्रकाश परत फिरतो, तर काही पानातून आरपार जातो. म्हणून उन्हाकडे धरलेलं पान पोपटी उजळतं आणि त्याच्याच सावलीतलं पान काळपट दिसतं. भिंतीतून प्रकाश आरपार जात नाही, त्यामुळे तिची छटा सपाटच राहते. शिवाय साग, ऐन, किंजळ यांची पानं झडली, गवत वाळलं, की फाल्गुन-चैत्रात हिरवी भिंत एकटी पडते.

बाराही महिने टिकतात ते माती, दगड आणि खोडं. म्हणून रंग तिथून घ्यावा. जांभ्याचा चिरा हातात घेऊन पाहा. तांबडा, विटकरी, मध्येच जांभळट; भोकांत पिवळसर माती. लाखो पावसाळ्यांनी खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, त्यातून हा दगड झाला. अंगणातली तांबडी मातीही त्याच लोहामुळे तांबडी. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवेत सुकला की कठीण होतो. एवढा जिवंत पृष्ठभाग ऑइलपेंटखाली झाकणं मला पटत नाही. त्यानं आतली ओलही कोंडते.

रंगाइतकीच महत्त्वाची आहे ती कड. नजर वस्तू ओळखते ती बाह्यरेषेवरून. बिबट्याचे ठिपके ही रेषाच मोडतात. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी १९४० च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांची ही युक्ती तपशिलानं मांडली. रानात लांब सरळ रेष क्वचितच सापडते, आणि सपाट स्लॅबच्या घराला नेमकी तीच असते. उलट उतरती कौलं, खोल वळचण आणि पडवी असली की भिंतीचा वरचा भाग सावलीत जातो, खालचा उजेडात राहतो आणि एक मोठा चौकोन लहान तुकड्यांत वाटला जातो. पावसापासून भिंत वाचते, ते वेगळंच.

मोठ्या काचा मात्र टाळा, निदान वळचणीच्या सावलीत ठेवा. त्यांत झाडांचं प्रतिबिंब दिसतं आणि पाखरं त्यांवर येऊन आदळतात.

दोन-तीन पावसाळे गेले की पावसाच्या बाजूच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. ते लगेच घासायला घेऊ नका. उन्हं चढली की ते सुकून तपकिरी होतं, आणि मागच्या किंजळीच्या खोडावरचंही त्याच सुमाराला.