वाफेच्या लायनीची वीतभर वाढ

जोतिबाचा डोंगर आहे त्या पन्हाळा तालुक्यातच तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणानगरचा साखर कारखाना आहे. बहुतेक कारखान्यांप्रमाणे तिथेही हंगामाआधी बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. पण बॉयलर खरोखर तापू लागला, की साखर कारखान्यांत टर्बाइनकडे जाणाऱ्या मेन स्टीम लाइनमध्ये जे घडतं, ते मला त्या समारंभाहून मोठं वाटतं.

लाइन वाढते. सहवीजनिर्मितीच्या बॉयलरमधली वाफ ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्या उष्णतेला पोलादी पाइप मीटरमागे सुमारे ६ मिलिमीटर लांबतो, म्हणजे ३० मीटरच्या लायनीत १८ सेंटिमीटर, जवळपास वीतभर. ही वाढ अडवली तर पाइप सपोर्ट वाकवतो, फ्लँज गळायला लावतो किंवा टर्बाइनच्या तोंडावर जोर देतो. टर्बाइनची केसिंग किंचित सरकली, शाफ्टची सरळ रेषा बिघडली, की कंपनं सुरू होतात. उष्णतेचा दोष असा बेअरिंगवर दिसतो.

म्हणून लायनीत लूप घालतात आणि मोजक्या जागी अँकर देतात. बाकी ठिकाणी गाइड आणि स्प्रिंग हँगर असतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंच सासनकाठीचे दोर धरणारे जसे ओढतात आणि ढील देतात, तसं हे काम आहे: वजन पेलायचं, पण हालचाल रोखायची नाही. नव्या स्प्रिंग हँगरमध्ये लॉकपिन असते. ती पाण्याची दाबचाचणी झाल्यावर काढायची असते. राहून गेली, तर स्प्रिंग असून नसल्यासारखी.

कंपनाचं मागणं नेमकं उलट. पंपाजवळचा पाइप थरथरला, की फिटरचा हात आधी क्लँपकडे जातो. जवळच्या खांबाला तो आवळला, की थरथर थांबते, पण लाइन तापल्यावर तिथेच ताण साठतो. सर्वात जास्त मोडतात त्या बारीक शाखा: ड्रेन आणि प्रेशर गेजच्या नळ्या. वेल्डच्या कडेला हळूहळू चीर जाते. अशा नळीला आधार द्यायचा तो मूळ पाइपवरूनच, खांबावरून नव्हे. म्हणजे दोन्ही एकत्र सरकतात. मुख्य लायनीला वाढीची मोकळीक आणि झटक्याला लगाम असं दोन्ही हवं असेल तिथे स्नबर लावतात. तो सावकाश वाढीला वाट देतो, झटका मात्र धरतो.

हे हिशेब टाळल्याची किंमत १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथल्या रसायन कारखान्यात मोजावी लागली. चिरलेली पाचवी टाकी काढून चौथी आणि सहावी तात्पुरत्या पाइपने जोडली होती. दोन्ही टोकांना लवचीक बेलोज, मध्ये बाक, खाली नुसता परांचीचा आधार. आराखडा काय तो वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेला. तो पाइप फुटला आणि २८ माणसं गेली.

आपल्याकडे हंगामाच्या पहिल्या तापणीत एका माणसाने फक्त लायनीसोबत चालावं, असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक हँगरची थंड आणि गरम खूण त्याने वहीत लिहावी. पुढच्या वर्षी आकडा बदललेला दिसला, तर तिथला इन्सुलेशनचा पत्रा उघडून आधार तपासावा, आणि मगच टर्बाइनला वाफ द्यावी.